तिसऱ्या सिम्फनीतली पिकलो

"भिकार," मी म्हणालो आणि आवाज बंद केला.

गौतमचंद शेठ खुर्चीत दचकले. त्यांचा डोळा लागला होता. तसं बोलून दाखवलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं, म्हणून मी फक्त तो शब्द पुन्हा एकदा नीट उच्चारला.

"भिकार?" शेठ सावरून बसले. "अरे कडूबा, अमेरिकेतली पार्टी हाये ती. नव्वद माणसं एकसाथ वाजवून राह्यलीत. भिकार कशी होईल?"

"नव्वद माणसं एकसाथ वाजवून राह्यलीत म्हणून तर नव्वदपट भिकार झालं, शेठ."

"आमची रितिका बी त्यातच बसलीय, एवढं ध्यानात ठेव."

"तिच्याबद्दल कुठं बोलून राह्यलो मी? ती ऐकू आली अस्ती तर बोललो अस्तो."

शेठना हे लागलं. रितिका त्यांची नात. तीर्थपुरीच्या जिनिंग मिलच्या मालकाची नात अमेरिकेतल्या वाद्यवृंदात पिकलो वाजवते, यावर गावातल्या अर्ध्या लोकांचा अजून विश्वास नाही आणि उरलेल्या अर्ध्यांना पिकलो म्हणजे काय ते माहीत नाही. पिकलो म्हणजे बासरीची धाकटी बहीण. वीतभर लांब, आणि बोलणार सगळ्यांच्या डोक्यावर. यंदाच रितिकाची तिथली जागा कायम झाली, आणि कायम झाल्यावरची ही पहिली सीडी. तीन अमेरिकन सिम्फन्या, तिन्ही गेल्या शतकातल्या. सीडी आल्या आल्या शेठ ती घेऊन माझ्या दोन खोल्यांच्या घरात हजर झाले होते, कारण त्यांच्या बंगल्यात ती लावायला यंत्र नव्हतं आणि ऐकून काही सांगेल असं माणूसही नव्हतं.

"मंग चार ओळी तर लिहिशील ना?" शेठनी मूळ मुद्द्याला हात घातला. "येत्या रविवारी समाजाचा कार्यक्रम हाये. स्मरणिका छापून राह्यलोत. वर रितिकाचा मोठा फोटो, खाली तुझा लेख. पुण्याच्या मासिकात लिहिणारा माणूस आपल्याच मिलचा फिटर होता, हे बी लोकाला कळू दे. चांगलं लिही म्हंजे झालं."

"ऐकीन, मंग जे हाये ते लिहीन."

"ते मला म्हाईत हाये. म्हणून तर भ्या वाटतं," असं म्हणून शेठ उठले.

चार ओळी चांगल्या लिही म्हणणाऱ्याला मी आजवर एक ओळ दिलेली नाही. पुण्याचं ते त्रैमासिक गेली बावीस वर्षं माझी परीक्षणं छापतं, ते काही मी गोड लिहितो म्हणून नाही. तिथले संपादक दर वेळी फोनवर "तौरसाहेब, जरा सौम्य" म्हणतात. पुण्यात सगळंच सौम्य लागतं, भाजीसुद्धा. याही सीडीचं परीक्षण त्यांना महिनाअखेर हवं होतं, आणि ते सौम्य होणार नाही हे पहिल्या दहा मिनिटांत माझ्या लक्षात आलं होतं.

जिनिंगच्या फिटरचा आणि अमेरिकन सिम्फनीचा संबंध काय, असं विचारणारा तीर्थपुरीत आठवड्याला एक तरी भेटतो. संबंध कापसाचा. चौतीसेक वर्षांपूर्वी हॅन्सन नावाचे एक साहेब कापसाच्या बियाण्याचे प्रयोग करायला अमेरिकेतून जालन्याला आले होते. मिलच्या आवारातली खोली त्यांनी दोन वर्षं भाड्याने घेतली. त्यांचा रेकॉर्ड प्लेअर बिघडला तो मी दुरुस्त केला, पुन्हा बिघडला, पुन्हा केला. जाताना त्यांचा पलंग, पंखा, फ्रीज लोकांनी उचलून नेला. रेकॉर्ड प्लेअर, कमरेएवढे दोन स्पीकर आणि एक्केचाळीस रेकॉर्डी कोणालाच नको होत्या. त्या माझ्या वाट्याला आल्या. पहिली तीन वर्षं मला काडीचं कळलं नाही. मग कव्हरांवरचा मजकूर शब्दकोश घेऊन वाचला, आणि एकदा त्या पुण्याच्या त्रैमासिकात कोणा विद्वानाने एका वाद्याचं श्रेय दुसऱ्याच वाद्याला दिलेलं पाहून खरमरीत पत्र टाकलं. संपादकांनी उलट पत्राने विचारलं, तुम्हीच का लिहीत नाही?

मी लिहायला लागलो ते कानाच्या जोरावर. मिलमध्ये सरकी काढायचे चोवीस जिन होते. फाटकातून आत शिरताना मी सांगायचो, सतरा नंबरचं बेअरिंग उद्या दुपारपर्यंत जाईल. ते जायचं. असा कान असलेल्या माणसाला वाद्यवृंदातल्या दुसऱ्या रांगेतलं कोण झोपलं आहे हे कळायला अवघड ते काय?

शेठ गेल्यावर मी सीडी पुन्हा पहिल्यापासून लावली. घाईने शिव्या घालणं मला पटत नाही, शिव्या तपासून घालाव्यात.

सीडीसोबत एक पुस्तिका होती. तिच्यावर कंडक्टरसाहेबांचा हनुवटीला हात लावलेला फोटो होता. हा माणूस हनुवटीची जेवढी काळजी घेतो तेवढी तालाची घेत नाही. पहिली सिम्फनी शहरावरची आहे, तिच्यात लोखंड वाजायला हवं, यांनी चमचे वाजवले आहेत. दुसरीत एक शोकाचा भाग आहे. तो ऐकून वाटतं की वारलेले गृहस्थ कोणाच्याच विशेष ओळखीचे नसावेत. आणि या दोन्हींवर रेकॉर्डिंगवाल्याने अशी काही धुलाई केली आहे की रंगच निघून गेला. व्हायोलिनला चकाकी नाही, झांजेला धार नाही. सगळं कसं गुळगुळीत, मऊ, आजाऱ्याला द्यायच्या भातासारखं.

"बंद करा की आता ते," झुंबरबाई आतून ओरडली. "दोनदा झालं सकाळपासून. किंचाळ्या नुस्त्या."

झुंबरबाई माझी बायको. तीस वर्षं या संगीताला ती किंचाळ्याच म्हणत आली आहे. तिचा कान हळदीच्या गाण्यांवर पोसलेला, त्यामुळे तिचं मत मी कधी विचारलं नाही आणि तिने ते सांगायचं कधी थांबवलं नाही.

मी तिसरी सिम्फनी लावली. खरं तर मला तेवढीच ऐकायची होती. ही टॉलिव्हर नावाच्या माणसाची. तिच्या दुसऱ्या भागात सगळा वाद्यवृंद एकेक करून खाली बसतो, व्हायोलिन कुजबुजीवर येतात, आणि त्यांच्या वर एकटी पिकलो दीड मिनिट बोलते. हॅन्सनसाहेबांच्या पेटीत हिची रेकॉर्ड होती. रितिका सहा वर्षांची असताना आजोबांचं बोट सोडून माझ्या खोलीत यायची, रुईच्या गाठोड्यावर बसायची आणि हा भाग आला की विचारायची, "काका, हे कोण बोलतंय?" मी सांगायचो. दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा तेच विचारायची. शेवटी तिने आजोबांकडे बासरीचा हट्ट धरला. पुढे शेठनी जो खर्च केला तो केला, पण त्या पोरीला पिकलो दाखवली ती मी. जगात मी एवढी एकच गोष्ट केली आहे असं मला वाटतं, आणि ते मी कोणाला सांगत नाही.

वाद्यवृंद खाली बसला. व्हायोलिन कुजबुजायला लागले. मी पुढे सरकून बसलो.

काही नाही. दीड मिनिट नुसती कुजबुज, आणि मग थेट खर्जातला चेलो. मी पुन्हा मागे नेऊन लावलं. काही नाही. आवाज वाढवला. कुजबुज वाढली, रितिका नाही.

तेवढ्यात मोबाइल वाजला. तिचाच आवाज होता, रेकॉर्ड करून पाठवलेला. "काका, ऐकलं का? दादाजी तर छानच म्हणणार, मम्मी-पप्पा पण. तुम्ही खरं सांगा हं. त्या सोलोमध्ये मी जास्त जोरात तर नाही ना वाटत? कंडक्टर म्हणतात बरोबर आहे. पण मला तुमच्याकडून ऐकायचंय. तुम्ही सांगाल ते मी मानेन."

जास्त जोरात! अगं पोरी, तू आहेस कुठे?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय झालं असेल ते मला लख्ख दिसलं. पोरीने जीव ओतून वाजवलं असणार. त्या हनुवटीवाल्याला पिकलो उर्मट वाटली असणार. त्याने तिच्या तोंडावर "बरोबर आहे" म्हटलं आणि मागाहून तिचा माइक बंद करायला लावला. नवी नोकरी, परका मुलूख, भारतातून आलेली मुलगी. तिला कोण सांगणार? तिच्या घरच्यांना तर पिकलो आणि पिपाणी सारखीच.

पण मी फिटर आहे. दुसऱ्याच्या यंत्राला नावं ठेवण्याआधी आपलं यंत्र तपासायचं. मी स्पीकरांच्या पुढचं कापड काढलं. बारीक आवाज स्पीकरच्या वरच्या छोट्या तोंडातून निघतो, त्याला ट्वीटर म्हणतात. तो गेला असेल तर पिकलो मरणारच. दोन्ही ट्वीटर वायरी सोडवून बाहेर काढले, बाजेवर उजेडात नेले, मीटर लावला. दोन्ही ठणठणीत. म्हणजे दोष माझ्याकडे नव्हता. तेवढ्यात लाइट गेली. मी जेवलो, जरा पडलो. साडेतीनला लाइट आली तशी उठलो, कापडं बसवली, आणि खुंटा हलवून बळकट करावा म्हणून हॅन्सनसाहेबांची जुनी रेकॉर्ड काढून तोच भाग लावला.

वाद्यवृंद खाली बसला, व्हायोलिन कुजबुजले आणि त्यांच्या वर पिकलो उभी राहिली. अशी स्वच्छ, अशी नितळ, की अंगावर काटा आला. एकेक सूर वेगळा मोजून घ्यावा. चौतीस वर्षांची रेकॉर्ड, चरे पडलेली, आणि तरी बघा! मी कागद ओढला. रेकॉर्ड पुन्हा लावून तिच्या साथीने लिहायला बसलो.

"या रेकॉर्डिंगचे वर्णन एका वाक्यात करायचे तर ते बहिऱ्यांनी बहिऱ्यांसाठी केले आहे," मी लिहिलं. "टॉलिव्हरच्या दुसऱ्या भागातील पिकलो येथे ऐकूच येत नाही. ती वाजवणारी कलावंत कितीही गुणी असली तरी कंडक्टर आणि तंत्रज्ञ या दोघांनी मिळून तिचा गळा दाबला आहे. ज्यांना कान नाहीत त्यांनी निदान हात तरी आवरावेत."

शेवटचं वाक्य मला फार आवडलं. मी ते मोठ्याने वाचून पाहिलं. बावीस वर्षांत इतकं धारदार मी लिहिलं नव्हतं. रविवारच्या स्मरणिकेत शेठ हे छापणार नव्हतेच, पण पुण्यात छापून आलं असतं, आणि तो अंक मी पोस्टाने अमेरिकेला पाठवणार होतो.

"अहो, हे दोन डबडे बाजंवर कोण ठिवले?" झुंबरबाई दारात उभी होती. "म्या बसलेच अस्ते त्यांच्यावर. कुठं ठिवू?"

"ठिव कुठंबी," मी कागदावरून मान वर न करता म्हणालो.

"अन् आज आवाज असा गोधडीत कोंबल्यावानी काऊन येऊन राह्यलाय? ती शिट्टी न्हाई आज."

मी वर पाहिलं. तिच्या हातात माझे दोन्ही ट्वीटर होते.

रेकॉर्ड फिरतच होती. पिकलोचे शेवटचे सूर चालू होते. मला ते ऐकू येत होते, एकेक, स्वच्छ. आणि ज्या तोंडातून ते यायचे ती दोन्ही तोंडं झुंबरबाईच्या हातात होती.

"कंची शिट्टी?" मी विचारलं.

"ती न्हाई का, बारीक. लई जीव खाती ती. सकाळी शेठच्या तबकडीत व्हती की. मोठ्यानं. म्या म्हन्लं, कुकर झाला का काय."

मी तिला ते माझ्या हातात द्यायला सांगितलं. माणसाशी वाद घालता येतो, शेठशी, संपादकाशी, अमेरिकेतल्या कंडक्टरशी. सुटलेल्या वायरीशी कसा घालणार? मी ट्वीटर पुन्हा जागेवर बसवले, वायरी जोडल्या, कथलाचे डाग दिले, आणि जुनी रेकॉर्ड पुन्हा लावली. पिकलो वाजली. मघाशी वाजली होती तशीच, तसूभर कमी नाही की जास्त नाही. मग नवी सीडी लावली. कुजबुज, आणि मग चेलो.

म्हणजे जुन्या रेकॉर्डीतली पिकलो मला पाठ होती, नव्यातली पाठ नव्हती. एवढाच त्या दोन रेकॉर्डिंगांतला फरक.

मी कागदाकडे पाहिलं. बहिऱ्यांनी बहिऱ्यांसाठी. वा रे वा कडूबा. मला हसू आलं आणि मग आलं ते हसू नव्हतं. एकदा मिलमध्ये एक इन्स्पेक्टर आला होता, कानात घालायच्या रबरी बुचांची पिशवी घेऊन. शेठनी ती माझ्याकडे दिली. सगळ्या कामगारांसमोर मी ती पिशवी उलटी केली आणि म्हणालो, "ज्याला मशीन ऐकायची न्हाई त्यानं घाला." कोणी घातली नाहीत. मी म्हटल्यावर कोण घालणार? रुईने भरलेल्या मिलमध्ये चौतीस वर्षं उभा राहिलो आणि कानात बोंडभर कापूस घातला नाही. शेठना दोष देता आला असता तर बरं झालं असतं. तेवढीही सोय मी ठेवलेली नव्हती.

आणि हे कधीपासून? मागच्या तिन्ही परीक्षणांत मी व्हायोलिनना निस्तेज म्हटलं होतं. संपादक म्हणालेही होते, "तौरसाहेब, हल्ली तुम्हाला सगळंच निस्तेज वाटतं." मी त्यांनाच मऊ कानाचे म्हटलं होतं. किती लोकांना मी असं फुकट झोडपलं असेल? बावीस वर्षांतली किती वर्षं मी कानाने लिहिलं आणि किती नुसत्या तोंडाने? हिशेब लागेना.

मोबाइल पुन्हा वाजला. "काका, ऐकलं ना? काहीतरी बोला ना. वाईट असेल तरी चालेल." 

छान म्हणून टाकणं सोपं होतं. तिच्या आजोबांनी म्हटलं असतं, आईवडिलांनी म्हटलं असतं. पण न ऐकता छान म्हणायला ती माझ्याकडे आली नव्हती. आणि मला ऐकू येत नाही असं तिला कळवलं, तर तिने जे वाजवलं त्याचं कोणी काहीच सांगितलं नाही असं झालं असतं.

मी कागद फाडला. आत गेलो. झुंबरबाई कणीक मळायला बसत होती.

"जरा बाहीर ये."

"काऊन?"

"सकाळची ती तबकडी लावतो. स्पीकरपुढं बस. ती शिट्टी वाजली की बोट वर कर. थांबली की खाली घे."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "येडे झाले का तुम्ही? तीस वर्सं म्हन्ले, तुला काय कळतं त्यातलं. आता म्या बोट वर करू?"

"हां."

"अन् तुम्ही काय करसाल?"

"तुझ्या बोटाकडं बघीन."

ती काय समजायचं ते समजली असावी. तिने हात पुसले आणि येऊन स्टुलावर बसली, पदर सारखा करून, फोटो काढायला बसावं तशी. मी तिच्या समोर बसलो. मांडीवर वही, हातात पेन्सिल, नजर तिच्यावर. रिमोटचं बटण दाबलं.

आधी थोरली बासरी आली. झुंबरबाईचं बोट हललं आणि तिथेच थांबलं. "ही न्हाई," ती स्वतःशीच म्हणाली. बरोबर होतं. बासरी मला अजून ऐकू येत होती. मग पितळी वाद्यं एकेक करून खाली बसली. तेवढं मी लिहून घेतलं. व्हायोलिन कुजबुजीवर आले, आणखी खाली गेले, आणि मग मला फक्त पंखा ऐकू यायला लागला.

झुंबरबाईचं बोट वर गेलं.

मी वेळ लिहिली. सहा मिनिटं, बारा सेकंद. बोट वरच होतं. मी वीस सेकंद मोजले, तीस मोजले. तिने मान थोडी कलती केली होती. किंचाळ्या ऐकताना तिच्या कपाळावर येते ती आठी आली नव्हती. पन्नास सेकंद झाले. हळदीच्या गाण्यांवर पोसलेला तो कान माझ्यापेक्षा पुढे कुठेतरी गेला होता आणि मी मागे वही घेऊन बसलो होतो. मला राहवेना.

"चांगली वाजवती का?" मी विचारलं.

बोट तसंच वर ठेवून तिने दुसऱ्या हाताने मला गप्प बसायची खूण केली. मी पुन्हा तिच्या बोटाकडे बघायला लागलो.